लिक्विड कूलर आणि मदरबोर्ड : जुळणीचा इतिहास

संगणकाचा प्रोसेसर द्रवाने थंड ठेवण्याची पद्धत घरगुती संगणकाहून जुनी आहे. 'हा लिक्विड कूलर या मदरबोर्डवर बसेल का?' हा प्रश्न मात्र बऱ्याच नंतरचा. जोवर यंत्र बांधणारी कंपनीच त्याची शीतकरण व्यवस्थाही बांधत होती, तोवर हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. पुढे प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, कूलर तिसरीचा आणि कॅबिनेट चौथीचे अशी विभागणी झाली आणि जुळवून पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर आली. पंप, नळ्या, रेडिएटर आणि पंखे यांची मूळ रचना गेल्या पंधरा-वीस वर्षांत फारशी बदललेली नाही. बदलत राहिली ती कूलर मदरबोर्डला जिथे जोडला जातो ती जागा. त्यामुळे जुळणीचा इतिहास हा प्रामुख्याने त्या जोडणीचा इतिहास आहे.

मोठ्या यंत्रांचा काळ

१९४६ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जगापुढे आलेल्या एनिॲक या यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. त्यांची उष्णता मोठमोठ्या पंख्यांनी बाहेर काढली जाई. ट्रान्झिस्टर आल्यावर प्रत्येक घटकाची उष्णता कमी झाली, पण घटक इतके दाटीने बसू लागले की त्यांच्यामधून पुरेशी हवा खेळेना. सीमोर क्रे यांनी आखलेल्या कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनच्या सीडीसी ६६०० या १९६४ च्या यंत्रात म्हणूनच फ्रिऑन हे शीतकद्रव्य नळ्यांतून फिरवलेले होते. त्याच दशकात आयबीएमने सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ९१ मध्ये मिश्र पद्धत वापरली. त्यात आत फिरणारी हवा थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेली जाई.

क्रे यांनी स्वतःची कंपनी काढल्यावर तयार झालेला क्रे-१ हा महासंगणक १९७६ मध्ये लॉस ॲलामॉस येथील प्रयोगशाळेत बसला. तो सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई. त्याच्या परिपथफलकांमधल्या तांब्याच्या पत्र्यांतून उष्णता कडेच्या खांबांकडे जाई आणि त्या खांबांतून फ्रिऑन वाहत असे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे परिपथच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते.

आजच्या कूलरशी अधिक जवळचे नाते आहे ते आयबीएमच्या ३०८१ या मेनफ्रेमचे. नोव्हेंबर १९८० मध्ये जाहीर झालेल्या या यंत्रात 'थर्मल कंडक्शन मॉड्यूल' नावाचा भाग होता. त्यात शंभराहून अधिक चिप एकाच सिरॅमिक तळावर बसवलेल्या असत आणि प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक छोटा दट्ट्या टेकलेला असे. आतील पोकळीत उष्णता चांगली वाहून नेणारा हेलियम वायू भरलेला असे आणि वरच्या पाटातून थंड पाणी वाहे. असे एक मॉड्यूल सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर टाकी. या रचनेचा गाभा स्प्रिंगमध्ये होता. सगळ्या चिप अगदी एका पातळीत बसत नाहीत. उंचीतला हा सूक्ष्म फरक स्प्रिंग सामावून घेई आणि प्रत्येक चिपवर ठरावीक दाब कायम राही. द्रव कितीही थंड असला तरी चिपशी नीट संपर्क नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. हा नियम तेव्हाही लागू होता आणि आज कूलरचा ब्रॅकेट, म्हणजे तो मदरबोर्डला पकडून ठेवणारी पट्टी, निवडतानाही तोच लागू होतो.

१९९० च्या दशकात आयबीएमने मेनफ्रेमसाठी कमी वीज घेणारे सीमॉस तंत्रज्ञान स्वीकारले आणि पाण्याच्या नळ्या बऱ्याच अंशी मागे पडल्या. उष्णता पुन्हा वाढल्यावर पाणीही परतले. २००८ च्या आयबीएम पॉवर ५७५ मध्ये आणि २०१२ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथे सुरू झालेल्या सुपरमुक या महासंगणकात प्रोसेसरपर्यंत पाणी नेलेले होते. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेला, सी-डॅकने उभारलेला 'परम ब्रह्म' हाही थेट संपर्काच्या द्रव शीतकरणावर चालतो. या सर्व ठिकाणी यंत्र आणि त्याचे शीतकरण यांची आखणी एकत्रच झालेली आहे.

सॉकेटच्या खाचेपासून मदरबोर्डच्या छिद्रापर्यंत

घरगुती संगणकाच्या पहिल्या पिढ्यांना कूलरच लागत नसे. इंटेलचा ८०४८६ प्रोसेसर १९८९ मध्ये आला तेव्हा तो उघडाच बसवला जाई. ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ डीएक्स-२ पासून वर धातूचा हीटसिंक दिसू लागला आणि १९९३ च्या पेंटियमने सुमारे १५ वॅटपर्यंत मजल मारल्यावर हीटसिंकवर पंखा येऊन बसला. हा कूलर मदरबोर्डला नव्हे, तर प्रोसेसरच्या सॉकेटला अडकवलेला असे. सॉकेटच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्या असत आणि स्प्रिंगची एक पट्टी त्यांत अडकवली की काम होई. सॉकेट ७ साठी घेतलेला कूलर त्या सॉकेटच्या कोणत्याही मदरबोर्डवर बसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक असेंबल करणाऱ्यांना त्या काळी कूलरची वेगळी चौकशी करावी लागत नसे.

ही सोय वजनामुळे संपली. एएमडीने २००० मध्ये आणलेल्या सॉकेट ए वरचे ॲथलॉन प्रोसेसर लवकरच ७० वॅटच्या पुढे गेले. त्यासाठी तांब्याचे मोठे कूलर आले आणि त्यांचा भार प्लॅस्टिकच्या खुंट्यांना पेलेना. खुंटी तुटून कूलर खाली पडण्याचे प्रकार घडत. शिवाय त्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नव्हते आणि सिलिकॉनचा तुकडा उघडाच होता. कूलर तिरका बसला तर त्याचा कोपरा उडे आणि प्रोसेसर निकामी होई. सॉकेट ए च्या पुष्कळ मदरबोर्डवर सॉकेटभोवती चार छिद्रे होती आणि भारी कूलर त्यांतून स्क्रूने आवळता येत. पण काही मदरबोर्डवर ती छिद्रेच नव्हती. विकत घेण्याआधी मदरबोर्डचे छायाचित्र निरखून पाहण्याची सवय इथून लागली.

इंटेलने २००० च्या अखेरीस पेंटियम ४ बरोबर वेगळा मार्ग घेतला. कूलरचा भार सॉकेटवरून काढून मदरबोर्डवर नेण्यात आला. २००१ च्या सॉकेट ४७८ भोवती प्लॅस्टिकची एक चौकट मदरबोर्डच्या चार छिद्रांत बसवलेली असे आणि कूलर तिला अडके. २००४ च्या एलजीए ७७५ मध्ये चौकटही गेली. कूलरच्या चार पायांच्या खुंट्या थेट मदरबोर्डच्या छिद्रांत दाबून बसवायच्या होत्या. या छिद्रांमधले अंतर ७२ मिलिमीटर होते. तेव्हापासून हे अंतर ही जुळणीची पहिली कसोटी झाली.

हौशी मंडळींचे पाणी

घरगुती संगणकात पाणी आणले ते प्रथम हौशी लोकांनी. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. त्याचा मूळ वेग ३०० मेगाहर्ट्झ होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की अनेक नग ४५० मेगाहर्ट्झवर चालत. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे प्रोसेसर पळवण्याचा हा छंद युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरला आणि त्याबरोबर उष्णतेचा प्रश्नही.

या मंडळींना तयार साहित्य मिळत नव्हते. मत्स्यालयातला पंप, मोटारगाडीच्या हीटरमधला छोटा रेडिएटर, दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची नळी आणि स्वतः कोरून घेतलेला तांब्याचा ठोकळा एवढ्यावर व्यवस्था उभी राही. प्रोसेसरवर बसणाऱ्या या पोकळ ठोकळ्याला 'वॉटरब्लॉक' म्हणतात. तो मदरबोर्डला पकडून ठेवणारी पट्टीही हाताने कापून, छिद्रे पाडून तयार केली जाई. इथे कूलर आणि मदरबोर्ड यांची जुळणी अक्षरशः कानशीने होत असे. आजच्या बाजारातल्या अनेक रचनांची पायाभरणी या निनावी कारागिरांनी केली आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे.

त्यांच्या अनुभवातून काही नियम पक्के झाले. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजते, म्हणून धातू मिसळू नयेत. पाण्यात शेवाळ धरते, म्हणून प्रतिबंधक द्रव्य हवे. पंपाच्या तोंडाशी हवा साचू देऊ नये. पुढे कूलान्स, स्विफ्टेक यांसारख्या कंपन्यांनी तयार संच विकायला सुरुवात केली. त्यांनी वॉटरब्लॉक आणि त्याची पकड हे दोन भाग वेगळे ठेवले, त्यामुळे सॉकेट बदलला तरी ठोकळा तोच ठेवून पट्टी बदलता येऊ लागली. जुळणीच्या प्रश्नावरचे हे सर्वांत टिकाऊ उत्तर ठरले.

बंद कूलरचा उदय

पाणी भरणे, गळती तपासणे, नळ्या कापणे हे सामान्य ग्राहकाला नको होते. त्याला कारखान्यातूनच भरून, बंद करून आलेला कूलर हवा होता. ॲपलने जून २००४ मध्ये जाहीर केलेल्या २.५ गिगाहर्ट्झच्या दुहेरी प्रोसेसरच्या पॉवर मॅक जी५ मध्ये अशी बंद द्रव व्यवस्था होती. मात्र ती त्याच यंत्रापुरती होती. काही वर्षांनी त्यांतल्या काही यंत्रांत गळतीच्या तक्रारी आल्या आणि बंद व्यवस्थेत सांधे जितके कमी तितके बरे, हा धडा उद्योगाला मिळाला.

सांधे कमी करण्याचा मार्ग डेन्मार्कमधील ऑलबोर्गच्या एसटेक या कंपनीने रूढ केला. आंद्रे स्लॉथ एरिक्सन यांनी २००० मध्ये स्थापन केलेली ही कंपनी आधी वायूच्या कॉम्प्रेसरने प्रोसेसर गोठवणारी 'व्हेपोचिल' ही यंत्रणा बनवीत असे. पुढे तिने पंप आणि प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची थाळी, म्हणजे कोल्डप्लेट, एकाच गोल डबीत बसवली. त्या डबीपासून दोन नळ्या रेडिएटरकडे जात आणि बाकी काही नसे. २००९ मध्ये कॉर्सेअरने एसटेककडून बनवून घेतलेला एच५० बाजारात आणला. १२० मिलिमीटरचा एकच पंखा आणि तेवढाच रेडिएटर असलेला हा कूलर कोणत्याही सामान्य कॅबिनेटच्या मागच्या पंख्याच्या जागी बसे. 'ऑल-इन-वन', म्हणजे एआयओ, हे नाव रूढ झाले ते अशा कूलरमुळे.

एसटेकने या रचनेची पेटंट घेतली आणि ती न्यायालयात लढवली. कॅलिफोर्नियातील ज्यूरीने डिसेंबर २०१४ मध्ये कूलर मास्टरच्या विरोधात तिच्या बाजूने निकाल दिला आणि वरिष्ठ न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायम केला. या पेटंटांचा जुळणीवर दुहेरी परिणाम झाला. अनेक ब्रँडचे कूलर आतून एसटेकचेच असल्याने त्यांची गोल डबी आणि दातेरी कडे सारखे होते आणि एकाचा ब्रॅकेट दुसऱ्याला चाले. उलट ज्या कंपन्यांनी परवाना घेतला नाही, त्यांपैकी काहींनी पंप रेडिएटरमध्ये किंवा नळीच्या मध्यावर नेला आणि पकड स्वतःच्या पद्धतीने बनवली. त्यांचे ब्रॅकेट इतरांना चालत नाहीत. एएमडीने ऑगस्ट २०१७ मध्ये थ्रेडरिपर हे अवाढव्य प्रोसेसर आणले, तेव्हा खोक्यातच एसटेक पद्धतीचा ब्रॅकेट दिला. त्यामुळे जुने गोल कूलर त्यावर बसले खरे, पण त्यांची थाळी प्रोसेसरच्या झाकणाहून लहान असल्याने कडा उघड्याच राहिल्या. कूलर बसतो याचा अर्थ तो पुरतो असा नाही, हे त्या वेळी अनेकांना कळले.

स्थैर्याची वर्षे

एआयओ कूलरचा प्रसार झाला त्या वर्षांत सॉकेटची छिद्रे बऱ्यापैकी स्थिर होती. इंटेलच्या सामान्य ग्राहकांसाठीच्या एलजीए ११५६ या २००९ च्या सॉकेटची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर होती. त्यानंतर ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० चे १२०० असे सॉकेट आले, पिनांची संख्या बदलली, जुना प्रोसेसर नव्या मदरबोर्डवर चालेनासा झाला, पण कूलरची छिद्रे तिथेच राहिली. महागड्या मालिकेचा एलजीए १३६६ हा सॉकेट ८० मिलिमीटरचा होता. २०११ च्या एलजीए २०११ मध्ये तेच अंतर ठेवून सॉकेटच्या चौकटीतच आटे पाडलेली छिद्रे दिली होती, त्यामुळे मागची पट्टी, म्हणजे बॅकप्लेट, लागत नसे. मात्र याच सॉकेटचा सर्व्हरसाठीचा अरुंद प्रकार ५६ बाय ९४ मिलिमीटरचा होता आणि त्यावर नेहमीचा ब्रॅकेट बसत नसे.

एएमडीकडे २००६ च्या एएम२ पासून एएम३+ पर्यंत छिद्रांचा आयत ४८ बाय ९६ मिलिमीटरचा होता. रायझन प्रोसेसरबरोबर २०१७ मध्ये घराघरांत पोहोचलेल्या एएम४ ने तो ५४ बाय ९० केला. नीट समजून घेण्याची बाब अशी की सॉकेटशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मात्र पूर्वीसारख्याच ठेवल्या होत्या. त्यामुळे पट्टी अडकवून बसणारे जुने कूलर एएम४ वर चालले आणि स्क्रूने बसणाऱ्यांना नवा ब्रॅकेट लागला. एकाच कंपनीच्या दोन कूलरांपैकी एक चाले आणि दुसरा चालत नसे, त्यामागे हे कारण होते.

२०२१ नंतरचे बदल

इंटेलने नोव्हेंबर २०२१ मध्ये एलजीए १७०० आणले आणि बारा वर्षांचे स्थैर्य संपले. प्रोसेसर चौकोनी न राहता ३७.५ बाय ४५ मिलिमीटरचा आयताकृती झाला आणि छिद्रे ७८ मिलिमीटरवर गेली. त्याहून महत्त्वाचा बदल डोळ्यांना सहज दिसत नाही. मदरबोर्डपासून प्रोसेसरच्या माथ्यापर्यंतची उंची जेमतेम मिलिमीटरभर कमी झाली. आसूसच्या काही मदरबोर्डवर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही अंतरांची छिद्रे दिलेली होती. तिथे जुना कूलर बसे, पण उंची घटल्यामुळे त्याचा दाब कमी पडण्याचा धोका राही. आयबीएमच्या दट्ट्यामागची स्प्रिंग जे काम करी, ते इथे योग्य उंचीच्या स्टँडऑफ स्क्रूंनी करायचे होते. अनेक कूलर कंपन्यांनी जुन्या ग्राहकांना नवे संच विनामूल्य पाठवले. चालू स्थितीतला कूलर केवळ चार स्क्रूंसाठी भंगारात जाऊ नये, यासाठी उचललेले हे पाऊल इतर उद्योगांनीही गिरवण्याजोगे आहे.

याच सॉकेटची पकड लांबट प्रोसेसरला मध्यभागी दाबते आणि त्यामुळे झाकण किंचित वाकते, हेही लवकरच लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून सर्व बाजूंनी सारखा दाब देणाऱ्या धातूच्या चौकटी, म्हणजे कॉन्टॅक्ट फ्रेम, विकल्या जाऊ लागल्या. २०२४ च्या एलजीए १८५१ ने छिद्रे तीच ठेवली, त्यामुळे १७०० चा ब्रॅकेट तिथेही चालतो.

एएमडीच्या सप्टेंबर २०२२ च्या एएम५ ने छिद्रे एएम४ चीच राखली, पण मागची बॅकप्लेट सॉकेटशी कायमची जोडली. एएम४ वर जे कूलर एएमडीच्याच बॅकप्लेटमध्ये आवळले जात ते इथेही बसतात. ज्यांना स्वतःची बॅकप्लेट लावावी लागे, त्यांना नवा संच लागतो. शिवाय २०१९ पासून रायझनमधील गणन करणारे सिलिकॉनचे तुकडे झाकणाच्या मध्यभागी नसून एका कडेला असतात. म्हणून आर्क्टिकसारख्या कंपन्यांनी कोल्डप्लेट काही मिलिमीटर सरकवून बसवणारे ब्रॅकेट दिले. छिद्रे तीच असली तरी थाळी नेमकी कुठे टेकते हेही आता पाहिले जाते.

आजची पडताळणी

या इतिहासातूनच नव्या मदरबोर्डसाठी पडताळणीचा क्रम तयार होतो. प्रथम सॉकेटचे नाव आणि कूलरसोबतच्या ब्रॅकेटची यादी ताडून पाहावी. यादीत सॉकेट नसेल तर निर्मात्याकडे त्या मॉडेलसाठी वेगळा संच मिळतो का, हे विचारावे. दुसऱ्याच मॉडेलचा संच केवळ ब्रँड एक आहे म्हणून घेऊ नये. त्यानंतर बॅकप्लेट कोणाची लागते आणि स्टँडऑफ कोणत्या उंचीचे आहेत ते पाहावे.

दुसरी बाब सॉकेटच्या शेजाराची. वीजपुरवठ्याच्या घटकांवरचे उंच हीटसिंक, एम.२ ड्राइव्हवरची झाकणे आणि रॅमच्या पट्ट्या पंपाच्या डबीला किंवा नळीच्या वळणाला आड येऊ शकतात. छोट्या आकाराच्या मदरबोर्डवर ही अडचण अधिक येते.

तिसरी बाब कॅबिनेटची. रेडिएटर १२०, २४०, ३६० किंवा १४०, २८०, ४२० मिलिमीटरच्या मापांत येतात. वरच्या बाजूला लावताना रेडिएटर आणि पंखा यांची मिळून जाडी मदरबोर्डच्या वरच्या कडेला आणि रॅमला अडत नाही ना, हे मोजावे. रेडिएटरचा काही भाग पंपाहून उंच असावा, म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात न साचता वर जाऊन थांबतो.

चौथी बाब विजेच्या जोडण्यांची. पंपाला मदरबोर्डवर स्वतंत्र जागा असेल तर ती वापरावी आणि पंपाचा वेग पूर्ण ठेवावा. सीपीयू फॅनच्या जागी काहीच जोडलेले नसेल तर पुष्कळ मदरबोर्ड सुरू होतानाच इशारा देतात. अनेक कूलरच्या नियंत्रणासाठी मदरबोर्डवरची नऊ पिनांची यूएसबी २.० जोडणी लागते आणि नव्या मदरबोर्डवर अशा जोडण्या मोजक्याच असतात. रोषणाईच्या जोडण्यांत पाच व्होल्टची तीन पिनांची आणि बारा व्होल्टची चार पिनांची असे दोन प्रकार आहेत. पाच व्होल्टचे दिवे बारा व्होल्टवर लावले तर ते जळतात.

शेवटची बाब कूलरच्या वयाची. बंद कूलरमधला द्रव नळीच्या भिंतीतून अतिशय मंद गतीने कमी होत जातो आणि पंपही झिजतो. निर्माते साधारण पाच-सहा वर्षांची हमी देतात. ती संपत आलेली असेल तर नव्या मदरबोर्डसाठी जुना कूलर वापरण्यात शहाणपण नाही. ती बरीच शिल्लक असेल आणि निर्मात्याकडे योग्य ब्रॅकेट मिळत असेल, तर नवा कूलर विकत घेण्याची गरज नाही.